उसातली म्हाळसा

पामर्स्टन नॉर्थ

न्यूझीलंडला जाताना माझ्या बॅगेत आमचे घरचे देव होते. मी देवभोळा माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कराडच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि देवघराकडे पाहिलं ते फार तर त्याच्या लाकडावरच्या नक्षीसाठी. देवांचं सगळं सुमन बघायची, माझी बायको. मागच्या वर्षी ती गेली आणि देव माझ्या गळ्यात पडले.

आमचे देव म्हणजे टाक. ज्यांच्या घरी नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तळहातात मावेल एवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची आकृती. घोड्यावरचा खंडोबा आणि त्याच्यापुढे बसलेली म्हाळसा, भवानी, ज्योतिबा, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. बापाकडून ते थोरल्या मुलाकडे जातात. मला मुलगा नाही. एकुलती एक मुलगी, मृणाल, ती पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. माझा चुलतभाऊ विलास याने फोनवर निकाल देऊन टाकला होता, "मुलीकडे देव जात नसतात दादा, तिचं कूळ आता वेगळं. तुझ्यामागे करणार कोण? सरळ कृष्णेत सोड आणि मोकळा हो."

सोडायला मी निघालोही होतो. घाटाच्या पायऱ्या उतरलो आणि तसाच परत आलो. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. शेवटी ठरवलं की मृणालला एकदा समोरासमोर विचारायचं. ती नाही म्हणाली तर परतल्यावर कृष्णा काही कुठे पळून जात नाही.

ऑकलंडच्या विमानतळावर खाण्यापिण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी असते. माझ्या बॅगेतली भंडाऱ्याची पुडी बघून तिथला अधिकारी हबकला. हळद आहे, खायचीच आहे, असं मी परोपरीने सांगितलं. मग त्याने टाकांचं फडकं सोडलं, एक टाक उजेडात धरला आणि हे कोण, असं विचारलं. काय सांगायचं? म्हटलं, घरचे आहेत. त्याने हसून सगळं नीट गुंडाळून परत दिलं.

सप्टेंबर २००६ होता. पामर्स्टन नॉर्थ हे सपाट, शांत आणि वाऱ्याचं गाव. मागच्या डोंगररांगेवर पवनचक्क्या अखंड फिरत असतात. इथली माणसं कडाक्याच्या थंडीत अर्धी चड्डी घालतात आणि सुपरमार्केटात चक्क अनवाणी फिरतात. आपण देवळात चप्पल काढतो, ही मंडळी भाजी घेताना काढतात. मी पहिल्या दिवशी एका अनवाणी आजोबांकडे दयेने पाहिलं, तर ते बाहेर जाऊन भल्यामोठ्या गाडीत बसले.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मी मृणालपुढे फडकं ठेवलं. म्हटलं, "हे तू ठेवशील का? रोजची पूजा करावी लागेल. आणि विलास म्हणतो, मुलीकडे देव जात नाहीत."

तिने फडक्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "बाबा, माझ्या शिफ्ट्स बघताय ना तुम्ही? मला नाही जमणार. आणि माझा विश्वासही नाही. उगाच कशाला?"

मी बरं म्हणालो. विश्वास नसलेल्या माणसाने विश्वास नसलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने आग्रह करायचा? टाक स्वयंपाकघराच्या कपाटात, टी-टॉवेलांच्या शेजारी जाऊन बसले. मनात मात्र काहीतरी खचलं. सुमन पुन्हा एकदा जाते आहे असं वाटत राहिलं.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. ऑकलंडमध्ये आनसेल्मो या क्यूबाच्या चित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. मी खुर्चीतून उठलोच. कोल्हापुरात शिकत असताना आमच्या मास्तरांनी कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेलं त्याचं एक चित्र दाखवलं होतं. काडेपेटीएवढं, तेही काळंपांढरं. त्यात उसासारखं काहीतरी होतं आणि उसातून डोळे बघत होते. मी उसाच्या मुलखातला. तुरा आलेल्या फडात शिरलं की पाती कशी कापतात आणि आत कोणीतरी उभं असल्यासारखं कसं वाटतं, हे मला ठाऊक होतं. साता समुद्रापलीकडच्या माणसाला ते कसं कळलं, हे कोडं तेव्हापासून डोक्यात होतं.

मृणाल म्हणाली, "चला, मी नेते. माझा लाँग वीकेंड आहे. वाटेत बोलू हीप्स." हीप्स म्हणजे भरपूर, हा इकडचा शब्द.

रस्त्यात

बोललो फारच कमी. तिला वाटत असावं मी पुन्हा देवांचा विषय काढेन आणि मला वाटत होतं काढू नये. म्हणून दोघेही बाहेर बघत होतो. हिरव्या टेकड्या आणि त्यांवर मेंढ्या, मैलोन्‌मैल मेंढ्या. धनगर मात्र एकही नाही. कुंपण घातलं की झालं. खंडोबाचे भक्त मेंढपाळ, आणि एवढ्या मेंढ्यांच्या देशात त्याला ओळखणारं कोणी नाही, असा एक विचार आला आणि मी तो गिळला.

ताइहापे नावाच्या गावात थांबलो. हे गाव गमबुटांसाठी प्रसिद्ध आहे. पत्र्याचा एक अवाढव्य गमबूट त्यांनी रस्त्याकडेला उभारला आहे आणि इथे म्हणे गमबूट लांब फेकण्याची स्पर्धा असते. तिथे मी पाय नावाचा इकडचा पदार्थ खाल्ला, म्हणजे आतून सारण भरलेलं मैद्याचं कवच. वरून थंड, आतून निखारा. पहिल्याच घासाला जीभ पोळली आणि पुढचा दिवसभर मला कशाचीच चव लागेना. मृणाल हसली, खूप दिवसांनी. "बाबा, फुंकर मारायची ना! लहान मुलासारखे करता."

पुढे वाळवंटासारखा ओसाड पट्टा लागतो. तांबूस गवत आणि कडेला बर्फाने पांढरे झालेले ज्वालामुखी. गाडी थांबवून खाली उतरलो तर वारा अंगावरचा कोट काढून नेईल असा. एवढं मोठं रिकामं आकाश मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सुमनला हे दाखवायचं राहिलं, एवढंच मी म्हणालो. मृणालने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आम्ही पुन्हा गाडीत बसलो. पापाकुरा मागे पडलं, ऑकलंडच्या वस्तीत शिरलो, तेव्हा पाऊस भुरभुरत होता.

माउंट रॉस्किल

मुक्काम मृणालच्या मित्राकडे, प्रसादकडे होता. तो फार्मासिस्ट आहे. त्याच्या आई शालनताई पुण्याच्या, वर्षातले सहा महिने इथे असतात. घर भाड्याचं, बैठं, लाकडी. पलीकडे टोंगाचं कुटुंब, अलीकडे सोमालियाचं आणि कोपऱ्यावर गुजराथ्याची डेअरी. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, इथे किराणा दुकानालाच तसं म्हणतात. ताईंनी आल्या आल्या रताळ्याचं थालीपीठ वाढलं. रताळ्याला त्या आता कुमाराच म्हणतात.

"या सर, आमचे देव बघा," म्हणत त्यांनी पॅसेजमधलं एक कपाट उघडलं. आत गरम पाण्याची टाकी, वर फळीवर टॉवेलांच्या घड्या, आणि घड्यांच्या मध्ये अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती.

"अहो, हॉलमध्ये निरांजन लावलं की छतावरचा तो अलार्म बोंबलायचा. एकदा ऐन आरतीत पलीकडची टोंगाची बाई बादली घेऊन धावत आली. मग प्रसाद म्हणाला, आई, हॉट वॉटर कबर्डात ठेव, तिथे कोरडं असतं. आता देव उबेला आणि मी थंडीत!"

मृणाल ते कपाट बराच वेळ बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रदर्शनाला निघालो तर शालनताईही तयार. "चित्रातलं मला काही कळत नाही, पण घरात बसून तरी काय करू?" मी मनात कपाळाला हात लावला. आयुष्यभर पालकांना आणि मुख्याध्यापकांना मॉडर्न आर्ट समजावून मी थकलो होतो. निवृत्तीनंतर आणखी एक विद्यार्थिनी नको होती.

कलादालन

प्रदर्शन दाखवायला हुईया नावाच्या एक माओरी बाई होत्या. पांढरे केस, गळ्यात हिरव्या दगडाचं पदक. "किआ ओरा" म्हणत त्यांनी आमचं स्वागत केलं आणि सावकाश एकेका चित्रापुढे नेत आनसेल्मोचं आयुष्य सांगितलं. मला जसं कळलं तसं लिहितो.

तो जन्मला एका साखर कारखान्याच्या वस्तीत. आईची आजी आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजातून आणलेली. बाप चिरूटाच्या कारखान्यात नोकरीला, काम काय तर कामगार पानं वळत असताना त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. आई लवकर वारली आणि पोराला वाढवलं त्याच्या धर्माच्या आईने. ती लोकांचे कपडे धुवायची. तिच्या बाहेरच्या खोलीत ख्रिस्ती संतांच्या तसबिरी होत्या, आल्यागेल्याला आणि पोलिसांना दाखवायला. आतल्या खोलीत चिनी मातीच्या भांड्यांत झाकून ठेवलेले दगड होते. ते तिचे खरे देव, आफ्रिकेतून आलेले. दगडात देव असणं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या शिवेवरचा म्हसोबाही शेंदूर फासलेला दगडच आहे.

तिला वाटत होतं, याने पुढे आपली गादी चालवावी, पुजारी व्हावं. पोरगा काही कबूल होईना. त्याला चित्रं काढायची होती. तिने भांडण केलं नाही. आपल्या देवाच्या रंगाची मण्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली आणि त्याला शहरात जाऊ दिलं.

शहरात त्याला ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला काढायला बसवलं. मी मोठ्याने हसलो. कोल्हापुरात मीही त्याच सरळ नाकाचं शेडिंग करत दिवस काढले आहेत, आजूबाजूला एकाही माणसाचं तसं नाक नसताना. पुढे शिष्यवृत्तीवर तो स्पेनला गेला, पोट भरायला श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढली, तिथलं युद्ध पाहिलं, पॅरिसला पळाला. पॅरिसमध्ये मोठमोठ्या चित्रकारांच्या घरी भिंतीवर आफ्रिकेचे मुखवटे टांगलेले. ते त्याला कौतुकाने दाखवत, ही खरी कला, म्हणत. आणि याला आठवे ती कपडे धुणारी बाई आणि तिची आतली खोली. आपल्या घरातल्या वस्तूकडे बघायला त्याला एवढा वळसा घ्यावा लागला. युरोप पेटल्यावर तो बोटीने घरी परतला, तर राजधानीतल्या हॉटेलांत त्याच्या धर्माच्या आईचे देव पर्यटकांपुढे नाचवले जात होते. तो तिथून निघाला आणि उसाच्या वस्तीवर जाऊन राहिला. खरी चित्रं त्यानंतरची.

ती शेवटच्या दालनात होती. उजेड मंद, आवाज नाही. समोर भिंतभर एकच चित्र. शेजारच्या पाटीवर त्याला अरण्य म्हटलं होतं. अरण्य कसलं! ते लावलेलं पीक होतं, सरीतलं. पेरं मी मोजू शकलो असतो. हिरव्या-निळ्या कांड्या वर जाता जाता मांड्या होत होत्या, पानांचे हात, आणि मधोमध एक बाई, जिचं तोंड घोड्याचं. बाई कुठे संपते आणि घोडा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. हुईया म्हणाल्या, क्यूबातल्या त्या भक्तांत ज्याच्या अंगात देव येतो त्याला देवाचा घोडा म्हणतात, देव त्याच्यावर स्वार होतो. माझं आजोळ चिपळूणकडचं. तिकडे अशा माणसाला झाड म्हणतात. घोडा म्हणा नाहीतर झाड, माणूस तेवढ्यापुरता स्वतःचा उरत नाही. मी लहानपणी आईच्या मागे लपून तसली नजर पाहिली आहे. काडेपेटीएवढ्या चित्रातून बघत होते ते हेच डोळे. इतक्या वर्षांनी मी त्यांच्यासमोर उभा होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगबाई! म्हाळसा!"

शालनताईंनी दाराशीच बूट काढून ठेवले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मोज्यांवर लगबगीने त्या चित्रापाशी गेल्या आणि हात जोडून डोकं टेकायला वाकल्या. कपाळ चित्राला लागायच्या आत अलार्म कोकलला. पहारेकरी धावला. मी शरमेने अर्धा झालो.

"ताई, मागे या! ती म्हाळसा नाही. चित्र आहे ते, मॉडर्न आर्ट."

"मग घोडा कशाला आहे?" ताईंनी विचारलं.

हुईयांनी हातानेच पहारेकऱ्याला थांबवलं आणि ताई काय म्हणाल्या ते मृणालकडून समजून घेतलं. मग ही म्हाळसा कोण, हेही विचारलं. ऐकून त्यांनी चित्राच्या उजव्या कोपऱ्याकडे, अगदी खाली, बोट दाखवलं. तिथे हिरवा रंग फिसकटलेला होता. हे चित्र झालं तेव्हा आनसेल्मोने धर्माच्या आईला बघायला आणलं. ती फार म्हातारी झाली होती, नजर गेली होती. तिने चित्रावर तळहात टेकला. रंग ओला होता. त्याने तो डाग कधीच पुसला नाही. तो पुजारी झाला नाही तो नाहीच. तरी ते देव आपलेच, असं मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला. हुईया म्हणाल्या, त्यांच्या माओरी सभागृहातही कोरलेले पूर्वज असतात, माणसं त्यांना हात लावून, बोलून भेटतात. म्हणून परदेशी संग्रहालयात काचेमागे ते दिसले की त्यांना फार जड जातं.

ताई बूट घालायला गेल्या. मृणाल खाली उकिडवी बसली होती, त्या डागासमोर. बराच वेळ. मी म्हटलं, "चल, निघू या."

"बाबा, आपल्या खंडोबाच्या घोड्याला मागचे पाय नाहीत. माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी ते टाक कधी हातात घेऊन पाहिलेच नव्हते.

"दसऱ्याला देव घासायचो ना, आई आणि मी. खंडोबा माझ्याकडे असायचा. मी इतका जोर लावून घासायचे की पाय गेले त्याचे. म्हाळसा आणि घोडा एकच झालेत. आई ओरडायची, हळू गं, चालायचा कसा तो!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुम्ही विचारलंत, पूजा करशील का. मला पूजा येत नाही, बाबा. आय डोन्ट ईव्हन बिलीव्ह. पण ते माझे आहेत ना? विलासकाकांनी कधी हात तरी लावलाय का त्यांना?"

मी तिच्या शेजारी खाली बसलो. गुडघे कुरकुरले. कलादालनाच्या जमिनीवर बसलेला मी पहिला निवृत्त शिक्षक असेन. म्हटलं, "तुझेच आहेत."

"मग नदीत नका सोडू."

पुन्हा पामर्स्टन नॉर्थ

विलासला फोन केला. देव मृणालकडे राहणार, असं सांगितलं. तो म्हणाला, "कुळाचार मोडतोयस. तुझं तू बघ." मी बघितलं.

दसरा माझ्या मुक्कामातच येत होता. इकडे तो वसंतात येतो. झेंडू मिळत नाही, मृणालच्या अंगणात डॅफोडिल फुलले होते. शेजाऱ्यांनी फाटकाबाहेर खोक्यात लिंबं ठेवली होती, ज्याला हवी त्याने न्यावी अशी इकडची पद्धत. मृणाल त्यातली दोन घेऊन आली. घरी सुमन देवांना रांगोळीची पूड लावायची. इथे रांगोळी नव्हती, म्हणून बेकिंग सोडा. सिंकमध्ये कोमट पाणी सोडून तिने कपाटातलं फडकं काढलं.

मी टेबलाशी बसून बघत होतो. सवयच ती, सगळ्या आयुष्याची. खंडोबा तिने स्वतःकडे घेतला. खरंच, मागचे पाय नव्हते. म्हाळसेचा पदर घोड्याच्या अंगात विरून गेला होता. मग दुसरा टाक तिने माझ्यापुढे धरला.

"ही भवानी. ही आईची असायची. घ्या."

"मला येत नाही."

"बोटाने नाही, अंगठ्याने. गोल गोल."

मी टाक हातात घेतला. भवानीला चेहरा उरलेला नव्हता, डोळ्यांचे दोन ठिपके तेवढे होते. छातीपाशी पत्रा आत दबला होता, गुळगुळीत, बशीसारखा. लिंबाचा रस लावून मी तिथे अंगठा टेकला आणि तो त्या खळग्यात बरोबर बसला. कुणाच्या अंगठ्याने तो खळगा पडला ते कळायला क्षणही लागला नाही. किती दसरे ती माझ्याकडे पाठ करून मोरीपाशी बसली असेल आणि मी बाहेरच्या खोलीत मुलांच्या चित्रवह्या तपासत असेन. तिचा हात जिथे होता तिथे आता माझा हात होता. रडू आवरलं नाही, आणि आवरायचं कारणही नव्हतं. मी घासत राहिलो.

"झालं का, बाबा?" मृणालने वळून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ."